ओरखडे आणि झिलई

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



मागच्या महिन्यात चिटणीसबाई आमच्या घरी आल्या आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "बाई, दरवर्षी या व्यासपीठावर शिकलेल्या बायका बोलतात. कोणी आहारावर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. मला गाड्या घासण्यापलीकडे काय येते?" त्या म्हणाल्या, "मग गाड्या घासण्यावरच बोला." त्यांच्या शब्दाला नाही म्हणणे मला जमले नाही, म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे.

विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला, तो मला येथून दिसला. हसायला माझी हरकत नाही. पण भगिनींनो, घासणे हा विषय आपल्याइतका कोणाला कळतो? चिंच लावून पितळ घासणाऱ्या आपण, राखेने तवा घासणाऱ्या आपण आणि दिवाळीला चांदीची निरांजने दंतमंजनाने उजळणाऱ्याही आपणच. गाडीच्या रंगावरचे ओरखडे काढणे ही याच कामाची धाकटी बहीण आहे. फक्त ती फार नाजूक आहे, इतकेच.

आधी माझी थोडी हकीकत सांगते. माझे वडील येथे जटपुरा गेटच्या आत फर्निचरला पॉलिश करण्याचा धंदा करीत. आपला मुलूख सागवानाचा. आलापल्लीचे साग आणि बल्लारपूरचा लाकडाचा डेपो यांची कीर्ती दूरवर आहे. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या कामासाठी येथूनच सागवान गेले, तेव्हा निघालेली मिरवणूक आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. पण लाकूड कितीही उत्तम असले तरी त्याचे अंग उजळावे लागते, आणि ते काम वडिलांचे.

तेव्हा पॉलिश म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचा बारीक किडा आपल्याभोवती कवच तयार करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून त्याच्या पातळ पापड्या करतात. त्याला चपडा म्हणतात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाच्या बोळ्यावर जुने मऊ धोतर गुंडाळायचे आणि त्याने लाकडावर हात फिरवायचा. स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा पापुद्रा मागे राहतो. तो वाळला की बारीक काचकागदाने हलकेच घासायचा, पुन्हा हात द्यायचा, पुन्हा घासायचा. असे दहा-बारा हात झाले म्हणजे कपाटाच्या दारात आपले तोंड दिसू लागे.

तान्ह्या पोळ्याच्या आधी तर आमच्या ओसरीवर लाकडी नंदीबैलांची रांग लागे. आपल्या विदर्भातला तो मुलांचा सण. प्रत्येक मुलाला आपला नंदी दुसऱ्यापेक्षा चकचकीत हवा. वडील मोठी कपाटे करीत आणि नंदी माझ्याकडे देत. एकदा घाईने मी ओल्या हातावरच दुसरा हात दिला. पहिला थर बोळ्याला चिकटून निघाला आणि नंदीच्या पाठीवर खरजेसारखे डाग पडले. वडील रागावले नाहीत. सगळे खरवडून पुन्हा करायला लावले. त्या रात्री जेवायला फार उशीर झाला आणि मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटेच नंदी न्यायला आला. तेव्हापासून एवढे शिकले की झिलईला घाई चालत नाही.

पुढे लग्न झाले, संसार झाला. यजमान कोळशाच्या खाणीत नोकरीला होते. ते निवृत्त झाल्यावर २०१५ मध्ये माझ्या भावाच्या मुलाने मूल रस्त्यावर गाड्या धुण्याची आणि पॉलिश करण्याची छोटी शेड काढली आणि मला म्हणाला, "आत्या, तुझा हात आणि माझी मशीन." तेव्हापासून मी त्या शेडमध्ये आहे. पहिली दोन वर्षे गिऱ्हाईक गाडी घेऊन आले की आधी भाच्याला शोधी. आता मला शोधतात.

आता मुख्य विषयाकडे येते.

घरी गेल्यावर स्टीलचे एक जुने ताट घ्या आणि उन्हात धरा. सूर्याचे प्रतिबिंब जेथे पडेल त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतील. आपल्याला वाटते, मोलकरीण गोल हात फिरवते म्हणून रेघा गोल पडल्या. पण ताट थोडे सरकवा. प्रतिबिंब सरकते आणि त्याच्याबरोबर वर्तुळेही सरकतात! म्हणजे वर्तुळे ताटावर नाहीतच. ताटावर ओरखडे आहेत ते सर्व दिशांचे, हजारोंनी. त्यांतले जे उजेडाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, आणि आडवे पडणारे सगळे मिळून गोल दिसतात. काळ्या किंवा गडद तांबड्या गाडीच्या बॉनेटवर दुपारच्या उन्हात जे जाळे दिसते, ते हेच. पांढऱ्या गाडीवरही ते असते. फक्त दिसत नाही, म्हणून पांढऱ्या गाडीचा मालक सुखी असतो.

हे ओरखडे नेमके कशावर पडतात, ते समजून घेऊ. पूर्वी मोटारींना वार्निशासारखा रंग कुंचल्याने देत आणि तो वाळायला आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत तासा-दोन तासांत वाळणारा लॅकर निघाला आणि रंगीत मोटारी झटपट तयार होऊ लागल्या. आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बॅसडर गाड्यांच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. त्या गाडीला पॉलिश केले की फडक्याला गाडीचा रंग लागायचा. हिरव्या गाडीचे फडके हिरवे. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आता आमच्या शेडमध्ये येणाऱ्या बहुतेक सर्व गाड्यांना खाली पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चकाकी असते ती या वरच्या थराची, आणि जाळे पडते तेही त्याच्यावरच.

आता या थराची जाडी ऐका. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतले चाळीस-पन्नास भाग, म्हणजे आपल्या डोक्याच्या एका केसाहूनही पातळ. लग्नात वधूच्या डोक्यावरची ओढणी आपण किती जपून धरतो! ही त्याहून कितीतरी झिरझिरीत ओढणी आहे आणि तिच्यावर आपण रोज सकाळी कोरडे फडके मारतो.

होय, कोरडे फडके! गाडीचा पहिला शत्रू तोच. आपल्या चंद्रपूरची धूळ काय असते ते तुम्हांला सांगायला नको. गच्चीवर कपडे वाळत घातले तर संध्याकाळी काय होते, ते आपणच जाणतो. एकीकडे कोळशाच्या खाणी, एकीकडे २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, घुग्घुस-गडचांदूरकडे सिमेंट. पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात (१९८२ च्या २६ ऑगस्टला तो आपल्यापासून वेगळा झाला, पण माहेर-सासर अजून एकच आहे) सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक आणि त्यांची तांबडी धूळ. एटापल्ली-आलापल्लीकडून गाडी आली की ती मूळची कोणत्या रंगाची, हे धुतल्यावर कळते.

ही धूळ मऊ पीठ नव्हे. रस्त्याच्या मातीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेवरसुद्धा रेघ ओढते. कोळशाच्या राखेत काचेसारखे बारीक कण असतात. लोहखनिजाचे कणही कठीण. अशी धूळ बसलेल्या गाडीवर आपण प्रेमाने फडके फिरवतो, तेव्हा त्या फडक्याचा काचकागद झालेला असतो. वडील जो कागद मोजून-मापून वापरीत, तो आपण रोज न मोजता वापरतो.

सिमेंटच्या धुळीची गोष्ट आणखी निराळी. ती रात्रीच्या दवाने भिजली की आपला धर्म पाळते आणि घट्ट बसते. नखाने खरवडू नका. पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळून ओल्या कापडाने ते डागावर काही मिनिटे ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका. एका वेळी निघाले नाही तर दोन वेळा करा, पण जोर लावू नका.

दुसरे शत्रू आपल्या घरातलेच. धुळीने भरलेल्या काचेवर आणि बॉनेटवर मुले बोटाने नाव लिहितात. गाडी धुतल्यावर धूळ जाते, नाव राहते. आमच्याकडे एका गाडीवर एका मुलाने बे एके बे पासून बे दाहे वीसपर्यंत सगळा पाढा लिहिलेला होता. वडील रागाने लाल झालेले, आणि मी मनात म्हणते आहे, पाढा तर एकही चुकलेला नाही!

दसऱ्याला गाडीची पूजा आपण करतो, ती जरूर करावी. पण हाराची तार उघडी असते. गाडी चालली की ती रंगावर घासत राहते. हार दोऱ्याचा घ्या आणि दुसऱ्या दिवशी काढून ठेवा. कुंकवाचे स्वस्तिक कोरड्या फडक्याने पुसू नका. पाणी ओता आणि वाहून जाऊ द्या. धुळकट गाडीवर कव्हर घालणे हेही तसेच. वारा सुटला की कव्हर रात्रभर गाडी घासत बसते. आणि दाराच्या कडीमागच्या खळग्यात ज्या बारीक रेघा असतात त्या मुलांच्या नव्हेत, ड्रायव्हरच्याही नव्हेत. त्या आपल्या नखांच्या, अंगठ्यांच्या आणि बांगड्यांच्या आहेत. यजमानांना मुद्दाम सांगायला जाऊ नका, पण दार उघडताना तेवढे लक्षात असू द्या.

ताडोबाकडे चालणाऱ्या जिप्सी गाड्यांचा प्रश्न वेगळा. ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले १९५५ मध्ये आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला १९९५ मध्ये. आता उन्हाळ्यात पहाटेपासून गाड्यांची रांग असते. बांबूची टोके आणि बाभळीचे काटे गाडीच्या दोन्ही अंगांना हात फिरवून जातात. असे एक चालक दादा आमच्याकडे येतात. मी एकदा म्हटले, "सगळे ओरखडे काढून देते." ते म्हणाले, "मावशी, राहू द्या. पाहुण्यांना वाटते, याने पुष्कळ वाघ दाखवले असतील."

आता उपाय. पहिला उपाय धुणे आणि तो फुकट आहे. गाडी सावलीत उभी करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर जातो. तापलेल्या पत्र्यावर पाणी टाकले की ते तेथेच सुकते आणि विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके राहतात. आधी नुसते पाणी वरून खाली सोडा. निम्मी धूळ हात न लावता जाते. मग दोन बादल्या घ्या. एकीत गाडीच्या साबणाचे पाणी, दुसरीत साधे पाणी. कापड साबणात बुडवायचे, वरून खाली सरळ फिरवायचे, साध्या पाण्यात खळबळून काढायचे, मग पुन्हा साबणात. शेवटी साध्या पाण्याच्या बादलीचा तळ पाहा. तेथे जी वाळू बसलेली असेल ती तुमच्या गाडीवर फिरली असती. भांडी घासायचा साबण, कपड्यांची पावडर, काथ्या, तारेची घासणी, यांपैकी काही नको. साबणाची पावडर मेण काढून टाकते. काथ्या आणि तार काय करतात हे सांगायला नको. चाके शेवटी आणि त्यांचे कापड निराळे. खाली पडलेले कापड पुन्हा गाडीला लावायचे नाही, जसे खाली पडलेली पोळी आपण पाहुण्याला वाढीत नाही. पुसायला मऊ मायक्रोफायबरचे कापड घ्या आणि ते दाबून ओढण्यापेक्षा अंथरून टिपा.

एवढे केले तरी पडलेले जाळे जात नाही. ते घालवायचे तर पॉलिश करावे लागते. आमच्या धंद्यात त्याला रबिंग म्हणतात.

येथे एक गोष्ट फार नीट ऐका, कारण माझ्या सगळ्या भाषणाचे सार तेवढेच आहे. रबिंगने ओरखडा भरत नाही. ओरखडा ही एक खाच आहे. आपण तिच्या दोन्ही बाजूंचा थर घासून खाचेच्या तळापर्यंत खाली आणतो आणि सगळे सपाट झाले की उजेड एका दिशेने परत येतो. त्याला आपण चकाकी म्हणतो. म्हणजे चकाकी येते तेव्हा गाडीवर काही चढलेले नसते. काहीतरी गेलेले असते. एका चांगल्या पॉलिशमध्ये त्या चाळीस-पन्नास भागांतले दोन-चार भाग जातात. उन्हापासून रंगाचे रक्षण करणारे द्रव्यही त्याच थरात असते. म्हणून गाडीच्या आयुष्यात पॉलिश किती वेळा करता येईल, याला मर्यादा आहे. दर दिवाळीला हौसेने रबिंग करून घेणारा माणूस गाडीचे आयुष्यच पुसून घेत असतो.

ओरखडा काढता येईल का, हे पाहायची युक्ती सोपी आहे. बोटाचे नख आडवे फिरवा. नख अडकले नाही तर ओरखडा वरच्या थरात आहे, बहुधा निघेल. नख अडकले तर तो खोल आहे. त्याच्या मागे लागले तर थर संपेल, ओरखडा संपणार नाही. जटपुरा गेटच्या गर्दीत स्कूटरच्या हँडलने ओढलेली रेघ बहुतेक या दुसऱ्या जातीची असते. तिला रंगाचा ठिपका लावायचा आणि तिच्यासह नांदायचे.

कामाची रीत अशी. गाडी धुऊन वाळवायची. डांबराचे ठिपके वेगळ्या द्रावणाने काढायचे. मग चिकणमातीसारखी एक वडी मिळते, क्ले बार म्हणतात तिला. पृष्ठभाग ओला ठेवून ती हलकेच फिरवायची. रुतून बसलेले कण ती उचलते. त्यानंतर तळहात फिरवला की गाडी काचेसारखी लागते. मग रबर, काळे प्लॅस्टिक आणि पत्र्याच्या धारा यांवर कागदी टेप चिकटवायची. मग दीड-दोन फुटांचा एक चौकोन घ्यायचा आणि आधी तेवढ्यावरच करून पाहायचे. सर्वांत सौम्य औषध पहिल्यांदा. त्याने भागले तर कडक औषधाला हात लावायचा नाही. फोमच्या चकतीवर कंपाउंडचे चार थेंब, मशीन हळू, आधी आडवे फेरे, मग उभे. पुसायचे, विजेरीच्या उजेडात तिरके पाहायचे. जाळे गेले असेल तर बारीक पॉलिशने पुन्हा एकदा, कारण कडक कंपाउंडचे स्वतःचे बारीक ओरखडे असतात. शेवटी मेण. ब्राझील देशातल्या एका ताडाच्या पानांवरून निघणारे कार्नोबा नावाचे मेण यात वापरतात. मेण मात्र थर वाढवते. पाणी आणि धूळ अडवते, आणि थोडे दिवस बारीक खाचा झाकतेही.

झाकते! या शब्दापाशी मला थांबायचे आहे. येथून पुढचे जे सांगते ते माझ्याच चुकीचे आहे.

२०१६ ची दिवाळी एका आठवड्यावर आली होती. आपल्याच मंडळातल्या एक भगिनी गाडी घेऊन आल्या. त्या आज सभागृहात बसल्या आहेत आणि त्यांच्या परवानगीने मी हे सांगते आहे. गडद तांबडी गाडी होती, जपून वापरलेली. यजमानांच्या दुखण्यावर खर्च होत होता आणि दिवाळीनंतर गाडी विकायची होती. त्या म्हणाल्या, "ताई, जरा उजळून द्या. चार पैसे बरे येतील."

शेडमध्ये त्या दिवशी सात गाड्या उभ्या होत्या. भाचा दुसऱ्या गाडीवर होता. मी मोठी फिरती मशीन घेतली. त्या मशीनने काम लवकर होते, पण एका जागी रेंगाळले की रंग तापतो. बॉनेटच्या पुढच्या धारेला मी टेप लावली नव्हती. धारेवर थर मुळातच पातळ बसलेला असतो. एक ओरखडा दिसत होता, तो काही केल्या जाईना. मी हात दाबला. आणखी एकदा दाबला. मग चकती उचलली तेव्हा चकतीला तांबडे लागले होते.

भगिनींनो, मघाशी मी सांगितले ना, आताच्या गाडीच्या पॉलिशने फडके रंगत नाही. फडके रंगले याचा अर्थ ओढणी फाटली. तळहाताएवढा निस्तेज डाग पडला होता.

भाचा आला. त्याने पाहिले आणि हळूच म्हणाला, "आत्या, गडद मेणाचे दोन हात देऊ. दिवाळीपर्यंत तर काहीच दिसत नाही. मग गाडी विकली जाईल, कोण विचारते?" तो वाईट मुलगा नाही. आमच्या डोक्यावर मशीनचे हप्ते होते, शेडचे भाडे थकले होते. मी मेण दिले. खरेच सांगते, मी दिले. डाग दिसेनासा झाला. गाडी आरशासारखी दिसत होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. मेण दोन पावसांत जाईल, दोन धुण्यांत जाईल. मग घेणारा त्या बाईंच्या दाराशी येईल आणि म्हणेल, तुम्ही मला फसवले. तिने फसवलेले नसेल. तिला ठाऊकही नसेल. गावात नाव मात्र तिचे जाईल, आणि तेही घरात आजारी माणूस असताना. मला तो नंदीबैल आठवला. त्यावरही वरून एक दाट हात दिला असता तर त्या दिवसापुरते भागले असते. वडिलांनी ते का केले नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

सकाळी मी स्वतः गाडी घेऊन त्यांच्या घरी गेले. सोबत स्पिरिट नेले होते. त्यांच्यासमोर त्या जागेवरचे मेण पुसले आणि डाग दाखवला. म्हटले, "बाई, हे माझ्या हातून झाले. काल लपवले, आज सांगते आहे. बॉनेट पुन्हा रंगवून देते, खर्च माझा."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गाडी घेणारे माझ्याच शाळेतले गुरुजी आहेत. त्यांच्यासमोर रोज उभे राहायचे आहे मला." एवढेच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

बॉनेट रंगवायला पाच हजार रुपये लागले. त्या दिवाळीला आमच्या घरी नवे कापड आले नाही. गुरुजींना त्यांनी बॉनेट का रंगवले ते सरळ सांगितले. गुरुजींनी ठरलेल्या किमतीतून दोन हजार कमी केले आणि गाडी घेतली. ते दोन हजार मी द्यायला गेले तर बाईंनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या पाच हजारांत माझे दोन हजार. दोघींनी वाटून घेऊ." ते देणे माझ्यावर अजून आहे आणि आज चारचौघींत सांगून मी ते फेडते आहे असे मुळीच नाही.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिल्या कमाईतून थराची जाडी मोजायचे यंत्र घेतले. ते पत्र्यावर ठेवले की एकूण रंग किती जाड आहे ते आकड्यात सांगते. आता गाडी आली की आधी ठिकठिकाणी मोजतो आणि आकडे कागदावर लिहून मालकाला देतो. आकडा फार कमी असेल तर हात जोडून सांगतो, यावर रबिंग नको, मेण लावून देतो. कोठे आकडा भलताच जास्त निघाला तर तेथे कधीतरी लांबी भरून रंगवलेले आहे हेही कळते. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तरी हे मोजून घ्यावे.

दुसरी गोष्ट भाच्याने केली. बिलाच्या कागदावर दोन रकाने पाडले: 'काढले' आणि 'झाकले'. जे ओरखडे घासून गेले ते पहिल्यात, जे मेणाखाली आहेत ते दुसऱ्यात. काही गिऱ्हाइके तो कागद पाहून परत गेली. शेजारच्या गल्लीत याहून स्वस्तात सगळेच 'काढून' देतात! पण जी राहिली ती राहिली. मागच्या वर्षी वडसा आणि गडचिरोलीहूनही गाड्या आल्या.

आता माझ्याकडे दोन मुली काम शिकतात. त्यांतली एक आपल्या मंडळाच्या शिवणवर्गातूनच आली. सुईचा हात हलका असतो, तो मशीनलाही उपयोगी पडतो. पहिले तीन महिने मी त्यांना गाडीला मशीन लावू देत नाही. भंगारातून आणलेल्या जुन्या बॉनेटवर त्यांनी मुद्दाम थर संपेपर्यंत घासायचे. चकती रंगली की थांबायचे आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवायचे. मी जे दुसऱ्याच्या गाडीवर शिकले ते त्यांनी भंगारावर शिकावे, एवढाच हेतू. ज्या भगिनींच्या घरी शिकून रिकाम्या बसलेल्या मुली असतील त्यांनी जरूर पाठवाव्या. अंगावर पाणी उडते, पाठ दुखते, कपडे खराब होतात. पण महिन्याच्या अखेरीस हातात स्वतःचा पैसा येतो.

शेवटी एक सांगून संपवते. गिऱ्हाईक मला नेहमी विचारते, "मावशी, गाडी नव्यासारखी होईल ना?" पूर्वी मी होय म्हणत असे. आता म्हणते, "नव्यासारखी नाही होणार. तुमच्यासारखीच, पण स्वच्छ होईल." चार ओरखडे राहतील. ते कोठे आहेत आणि का राहिले, हे तुम्हांला ठाऊक असेल.

मघाशी तोंडाला पदर लावणाऱ्या भगिनींनी आता तो काढला आहे, याचा मला आनंद आहे. उद्या सकाळी घरासमोर कोणी कोरडे फडके घेऊन गाडीकडे निघालेले दिसले, तर त्याला थांबवा आणि हातात पाण्याची बादली द्या.